फिरोजशहा मेहतांचा कालपट: पालिकेचा पट्टा पुरा झाला

मुंबईचे बॅरिस्टर आणि पुढारी फिरोजशहा मेहता यांच्या आयुष्याचा कालपट मी कागदावर काढतोय. त्यातला पालिकेचा पट्टा पेन्सिलीवर शाई फिरवून एकदाचा पुरा झाला. मांडणी पूर्वीचीच: वर कोर्ट, मध्ये मुंबई पालिका, खाली काँग्रेस आणि कायदेमंडळ. जन्म (४ ऑगस्ट १८४५), लंडनच्या लिंकन्स इनमधलं कायद्याचं शिक्षण आणि १८६८ची बॅरिस्टरी आधीच चढली होती. फिरोजशहा म्हटलं की लोक १८९०च्या कलकत्ता काँग्रेसचं अध्यक्षपद सांगतात. मला मात्र त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम पालिकेत दिसतं, म्हणून मधला पट्टा मुद्दाम रुंद ठेवलाय.

या पट्ट्याची सुरुवात आर्थर क्रॉफर्डपासून. १८६५ला म्युनिसिपल कमिशनर झालेल्या या माणसाने शहर स्वच्छ करायला घेतलं, मंडई उभारली, पण खर्च हाताबाहेर गेला आणि करदाते खवळले. नोव्हेंबर १८७१मध्ये धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी निबंध वाचला. वय अवघं २६. क्रॉफर्डवर चहूकडून टीका होत असताना ते म्हणाले, खोट रचनेत आहे; करदात्यांनी निवडलेली सभा हवी आणि कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडे हवा. त्या वातावरणात असं बोलायला छाती लागते! पटावर या निबंधाच्या कार्डाला मी लाल किनार दिलीय. १८९६ला गांधीजींची दक्षिण आफ्रिकेवरची सभा याच संस्थेत झाली. भाषण आधी लिहून काढा, असं त्यांना फिरोजशहांनीच बजावलं होतं. म्हणून दोन्ही कार्डांमध्ये एक बारीक रेघ ओढली.

पालिकेच्या कायद्यांसाठी एक युक्ती जमली, करून बघा. दर सदस्याला एक चौकोन काढायचा आणि करदात्यांनी निवडलेला असेल तर रंगवायचा. १८७२च्या कायद्याचे ६४ चौकोन, रंगवलेले ३२. १८८८च्या कायद्याचे ७२, रंगवलेले ३६. म्हणजे प्रमाण तेच, निम्मं. हे रंगवताना हाताला कळतं, नुसतं वाचून सुटून जातं. १८८८च्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते, आणि मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो.

फिरोजशहांची पालिकेतली अध्यक्षपदं १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ अशी चार. महापौर हे पद १९३१ला आलं. तोवर पालिकेच्या सभेचा प्रमुख अध्यक्षच.

सगळ्यात जास्त वेळ १९०७ने खाल्ला. त्यांना पालिकेतून हटवायला बड्या युरोपियनांनी गट बांधला. जस्टिसेस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले मानद न्यायाधिकारी, यांच्या मतदानात जागा १६ आणि फिरोजशहा सतरावे! मग निवडून आलेला एक जण अपात्र ठरला आणि ते आत आले. हे सोळा-सतरा चौकोन मी मोठे काढलेत, अपात्र ठरलेल्याच्या चौकोनावर काट मारून शेजारी बाण दाखवलाय. आख्ख्या पटात माझा सर्वांत आवडता कोपरा हाच.

आता कोर्टाचा पट्टा घेतोय, सुरतेच्या १८७८च्या दंगल खटल्यापासून. त्याआधी उजवीकडे कागद जोडायला हवा. १९१०नंतर बॉम्बे क्रॉनिकल वृत्तपत्र, सेंट्रल बँक आणि १९१५चा मृत्यू एवढं सगळं आहे त्या रुंदीत मावत नाही. जोडासाठी खळ बरी की डिंक, हे जाणकारांनी सांगावं.