करडीची पिसं झडली तेव्हा

त्या सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि पोटात गोळाच आला. आत पिसांचा खच! रात्री मांजर शिरलं असणार म्हणून आधी कोंबड्या मोजल्या. चारही हजर, एकीलाही ओरखडा नाही. फक्त करडीची मान पार उघडी पडलेली.

दुसरा संशय उवांचा. तिला उचलून पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला सारून पाहिलं. कातडी स्वच्छ होती आणि तिच्यातून निळसर सुया डोकावत होत्या. म्हणजे नवी पिसं येत होती. करडी दीड वर्षाची झालेली आणि दिवस लहान होत चाललेले. जुनी पिसं टाकायची हीच वेळ. आधी डोकं-मान, मग अंग, शेवटी पंख-शेपूट, साधारण अशा क्रमाने ती झडत गेली.

अंडी बंद झाली, तुरा फिका पडून आकसला. ते ध्यान बघून मला इतकी दया आली की मी येता-जाता मक्याचे दाणे टाकू लागलो. तीच चूक. पिसात सुमारे ८५ टक्के प्रथिनं असतात आणि मक्यात जेमतेम ८-९. दाण्यांनी पोट भरल्यावर ती खाद्याला कशाला तोंड लावेल? दाणे थांबवले. अंड्यावरच्या कोंबड्यांचं १६ टक्के प्रथिनांचं खाद्य बदलून २० टक्क्यांचं आणलं. त्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून अंडी देणाऱ्या बाकीच्या तिघींसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला. ज्या कोंबडीला हवा ती खाते.

दुसरी चूक जास्त बोचते. पिसं किती आली हे बघायला मी रोज तिला उचलायचो आणि ती जिवाच्या आकांताने ओरडायची. मला वाटायचं, नखरे! पण कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं, नुसता दाब पडला तरी दुखतं. हे मला कळलं ते तांबडीने तिच्या पंखावर टोचून एक देठ मोडला तेव्हा. एवढ्याशा देठातून रक्ताची धार लागली. कॉर्नफ्लोअर दाबून धरल्यावर थांबली, पण रक्त दिसलं की बाकीच्याही टोचायला धावतात. म्हणून खुराड्यातच जाळी लावून करडीला पलीकडे ठेवलं. एकमेकींना दिसत राहिल्या की परत सोडताना मारामारी कमी होते.

त्यानंतर हात लावणं बंद. पाणी, खाद्य, कोरडी जागा एवढंच.

दहाव्या आठवड्यात तिचं अंग भरलं, आधीपेक्षा गडद, तुकतुकीत. तुरा लाल व्हायला आणखी थोडे दिवस गेले. अंडं अजून नाही, पण ती पेटीत जाऊन बसून येते. आणि कालपासून तांबडीच्या मानेवर टक्कल दिसायला लागलंय. जाळी काढायचीच राहिली होती, बरं झालं.