रोजनिशी : तालमीतले आषाढाचे दिवस

सोमवार

कोल्हापूरच्या आमच्या तालमीत आज हौद्याची, म्हणजे ज्या मातीच्या आखाड्यात आम्ही कुस्ती खेळतो त्याची, माती नव्यानं केली. मृगाच्या आधीच ट्रॉलीभर तांबडी माती आणून पडवीत झाकून ठेवली होती. पहाटे साडेचारला सगळ्यांनी मिळून जुनी माती उकरली, नवी चाळून तिच्यात मिसळली. मग वस्ताद एकेक जिन्नस मागत गेले. हळद, लिंबाचा रस, तिळाचं तेल, ताक, कापूर, थोडी काव. मापानं काहीच घेत नाहीत. मूठभर माती उचलायची, आवळायची, मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, लगेच भुगा झाला तर कमी. बोटानं दाबल्यावर दोन-तीन ढेकळं झाली की मान हलवतात आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळतात. हळदीनं खरचटलेलं चिघळत नाही, तेलानं माती अंगाला सोलत नाही, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नाही. माती कालवता कालवताच कळत गेलं.

चाळण धरायला गेल्या हंगामात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात उतरलेला पोरगा होता आणि त्याच्यासमोर परवाच दाखल झालेला एक बारका. दोघांच्या भुवयांवर सारखाच धुरळा. ही मला तालमीची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. मैदान मारून आलेला असला तरी खोरं त्याच्या हातात येतंच, आणि खोऱ्यानं हौदा उकरणं ही मेहनत जोर-बैठकांपेक्षा कमी नाही. खांदा, कंबर, पकड, सगळं त्यात येतं.

साडेसातला घरी, दहाला पतसंस्थेत. दिवसभर नखांत तांबडी माती होती.

बुधवार

गगनबावड्याकडून आलेला तो बारका पोरगा अजून पडायला घाबरतो. अंगानं काटक आहे, उसाच्या फडात आणि भाताच्या खाचरात काम केलेलं शरीर आहे, पण पाठीमागं तोल गेला की हात मागं टेकवतो. हा हात फार धोक्याचा. सगळं वजन त्या ताठ हातावर येतं आणि कोपर निखळतं. म्हणून आज मी त्याला डाव शिकवलाच नाही. नुसता पाडला. हळू, मानेला हात लावून, पुन्हा पुन्हा. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात छातीशी. “दमानं, पोरा. माती तुला मारत नाही, तूच तिला हात मारतोयस.” शेवटी शेवटी त्याचा हात आपोआप छातीशी यायला लागला तेव्हा तो स्वतःच हसला.

मग एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचा डाव. हा डाव मी हजारदा मारला असेल, पण तो दुसऱ्याला आपल्या अंगावर मारू देणं ही निराळीच विद्या आहे. पाय थोडा पुढं ठेवायचा, पण त्याला दिसेल असा नाही. त्यानं वाकून झडप घातली की वजन मागच्या पायावर न्यायचं, पण सगळं नाही. त्याचं डोकं माझ्या बरगडीला बाहेरून लागलं तर मी पाय सोडवून घेतो आणि त्याची मान खाली दाबतो, म्हणजे चूक त्याला अंगावर कळते. डोकं आतल्या बाजूला घट्ट लागलं, गुडघा पुढं आला, पाठ सरळ राहिली, तर मी विरोध करत करत अर्ध्यावर सैल होतो आणि पडतो. खोटं पडलो तर त्याला ताबडतोब समजतं. पोरांना फार लवकर समजतं. आणि अजिबात पडलोच नाही तर त्याच्या हाताला डावाची चव लागत नाही. किती द्यायचं आणि किती रोखायचं हे त्याच्या श्वासावरून ठरवावं लागतं. तो धापा टाकतोय का, रडकुंडीला आलाय का, की चिडून ताकद लावतोय? चिडला की थांबायचं, माती लावायची, पुन्हा हात मिळवायचे.

मी चौदाव्या वर्षी या तालमीत आलो. वडील शिरोळच्या रानातून पायलीभर ज्वारी आणि डबाभर तूप घेऊन सोडून गेले होते. तेव्हा निपाणीकडचा एक थोराड पैलवान रोज सकाळी स्वतःच्या लढती आटोपल्यावर मला बोलवायचा. त्याचं वजन माझ्या दुप्पट. मराठी तोडकंमोडकं, रागावला की कानडीत बोलायचा. त्यानं मला कधी चिरडलं नाही. मी त्याच्या अंगावर शिकलो, अक्षरशः. त्याच्या मांडीचा भार, मानेचा ताठा, हाताला लागलेलं तेल मला अजून आठवतं. त्या वर्षात त्याला स्वतःची तयारी होती, दिवाळीनंतर मोठी मैदानं होती. तरी माझ्यासाठी रोज अर्धा तास काढायचा. पुढं मी गावोगावच्या जत्रांत कुस्त्या केल्या, इनाम घेतलं, फेटा बांधून घेतला, हलगी-घुमक्याच्या तालावर खांद्यावरूनही फिरलो. ते सगळं गोड होतं. पण आज कुणी विचारलं की तू माणूस म्हणून कुठं वाढलास, तर मी त्या अर्ध्या तासांकडं बोट दाखवीन. तिथं मी मार खायला शिकलो, आणि आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या माणसाशी कसं वागायचं हेही तिथंच शिकलो. घरी, पतसंस्थेच्या काउंटरवर, म्हाताऱ्या आईशी बोलताना मला तेच उपयोगी पडतं.

गुरुवार

गुडघा दुखतोय. मालीश करून घेतली. लढत केली नाही, थंडाई घोटायला बसलो. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. आजचा दिवस एवढाच.

शुक्रवार

आज पावसानं बाहेर पळायला जाता आलं नाही म्हणून वस्ताद पोरांना घेऊन बसले. बोलणं ढाकेवर आलं आणि ढाकेवरून खाशाबा जाधवांवर. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मानेला वेढा घालून समोरच्याला कमरेवरून फेकायचं. गोळेश्वरच्या या पैलवानानं १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाऊन सहावा क्रमांक मिळवला, तोही पहिल्यांदाच गादीवर (मॅटवर) आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढताना. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तर पैशांचा पत्ता नाही. खाशाबांनी दारोदार जाऊन मदत मागितली, गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबा बँटमवेट गटात ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वस्तादांनी मिरवणुकीचं, बैलगाड्यांचं सांगितलं, पोरांचे डोळे मोठे झाले. पण ते तिथं थांबले नाहीत. परत आल्यावर खाशाबांनी काय केलं, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

कुणीतरी विचारलं, “आणि गावाचं?”

“गावाचं कसं फिटणार? ते तुमच्याकडं आलंय,” वस्ताद म्हणाले आणि उठले.

मला हे उत्तर दिवसभर पुरलं. निपाणीचा तो पैलवान आता कुठं आहे मला ठाऊक नाही. त्याला मी काय परत करणार? पण गगनबावड्याचा पोरगा समोर आहे.

शनिवार

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी चढतंय. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हे दोन आकडे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. संध्याकाळी तालमीत दोरखंड, ट्यूब, बॅटऱ्या काढून तपासल्या. कुणी सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा चिखली-आंबेवाडीच्या बाजूला जी माणसं अडकली होती, त्यांना काढायला शहरातल्या तालमींची आणि मंडळांची पोरं आधी धावली होती. आमच्याकडं तेव्हा खोल्यांतून आठवडाभर कुटुंबं राहत होती, आणि पैलवानांच्या भांड्यांत लहान पोरांचं दूध तापत होतं. हौद्यावर फळ्या टाकून म्हाताऱ्यांना झोपवलं होतं. मातीत चप्पल घालून पाऊल टाकू न देणारे वस्ताद तेव्हा स्वतः फळ्या अंथरत होते.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा कधीच नव्हती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचं मैदान उभं केलं, १९१२ साली ते खुलं झालं. हे सगळे सांगतात. पण पेठेपेठेतल्या तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. बाबूजमाल तालमीत तर दोन्ही एकाच छताखाली. आमच्या हौद्यात आज सकाळी ज्या तिघांच्या लढती चालू होत्या त्यांत एक लिंगायत, एक मुसलमान आणि एक धनगर. लढून झाल्यावर एकमेकांच्या पाठीची माती ओढून काढत बसले होते. ज्याच्या हातात तुम्ही मान दिलीय आणि त्यानं ती मोडली नाही, त्याच्याविषयी बाहेर कुणी काही सांगितलं तरी मनात चटकन वीष जात नाही. हे माझ्या अनुभवाचं आहे, आणि सध्याच्या दिवसांत मला ते फार मोलाचं वाटतं.

रविवार

दूध घालणारे मामा गेले कित्येक दिवस काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळत होते. आज बोलले. त्यांच्या मुलीला कुस्ती शिकायची आहे. आठवीत आहे. शाळेच्या स्पर्धेत नुसत्या अंगच्या ताकदीवर दोन पोरींना चीत करून आली.

जुने दोघे-तिघे बसले होते. एक जण म्हणाले, हौद्यात पोरी उतरल्या नाहीत आजवर. त्यांच्या मनात मातीविषयी जी भक्ती आहे ती खरी आहे, मी तिचा अपमान करणार नाही. पण मी उठून माझं म्हणणं मांडलं. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. सांगली इथून तासाभरावर. ती गदा बघून ज्या पोरी घरी शड्डू ठोकायला लागल्या, त्यांनी आता कुठं जायचं? ज्या ठिकाणी आम्हाला दुसऱ्यांनी अंग देऊन घडवलं, त्या ठिकाणाहून एका पोरीला दारातूनच परत पाठवायचं हे माझ्या गळी उतरत नाही. एवढंच बोललो, आवाज चढवला नाही.

वस्ताद बराच वेळ हातातली सुपारी कातरत राहिले. मग व्यवहाराचंच बोलले. मागच्या हॉलमध्ये गादी आहे. दुपारी चार ते साडेपाच हॉल मोकळा असतो. दाराला आतून पडदा, कपडे बदलायला कोपऱ्यातली खोली, आणि पोरीची आई किंवा मामी पहिले महिनाभर बसायला. “पण तिला खेळवायला पोरगीच पाहिजे. एकटी पोरगी काय भिंतीशी लढेल?”

यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. मामांचं तोंड उतरलं.

घरी जेवताना हे सगळं सांगितलं. माझी थोरली सातवीत आहे. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, “मग मी जाते की, बाबा.” बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. ती म्हणाली, “बसायला मी येते. चारला मला जमतं.”

संध्याकाळी मामा मुलीला घेऊन आले. किराणा दुकानातल्या काट्यावर दोघींची वजनं केली. दोन किलोचा फरक. दूधवाल्यांची पोरगी जरा जड, माझी जरा उंच. वस्तादांना फोन केला तर ते म्हणाले, जोड बरी जमलीय, मंगळवारपासून पाठवा, नखं कापून आणि केस घट्ट बांधून. आणि पहिला आठवडा डाव नाही, नुसतं पडायला शिकवायचं.