पुस्तकात नसलेला निळा स्क्रीन

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझा लॅपटॉप 2016 चा, विंडोज 11 च्या अटींत न बसणारा. चांगलं चालणारं मशीन भंगारात द्यायला मन होईना, म्हणून विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट 22 ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं आणि नवशिक्यांसाठीचं एक जाडजूड पुस्तक विकत आणलं.

इन्स्टॉल तासाभरात झालं. अडलं ते वायफायपाशी. यादीत एकही नेटवर्क दिसेना. पुस्तक म्हणतं: ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) निवडा, रीस्टार्ट करा. झालं! पण नेटशिवाय ड्रायव्हर उतरणार कुठून? फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करायचं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं, हे भाच्याने सांगितलं. ड्रायव्हर घालताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन आला, त्यावर 10 सेकंदांची उलटी मोजणी. काहीतरी बिघडलं असं वाटून मी कशालाच हात लावला नाही. स्क्रीन गेला, मिंट सुरू झालं, वायफाय नाहीच.

पुढच्या तीन संध्याकाळी मी तो ड्रायव्हर काढत आणि घालत होते. पुस्तक दोनदा चाळलं. लिनक्सच्या इतिहासाला अख्खं प्रकरण, वॉलपेपर बदलायला चार पानं, आणि या निळ्या स्क्रीनबद्दल एक ओळ नाही. नवशिक्या माणूस नेमका इथेच घाबरून विंडोजकडे परत जातो, याचा मला अजून राग येतो.

शेवटी भाच्याने उलगडून सांगितलं. आपल्याच मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर आपल्याच मशीनच्या किल्लीची सही असते. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर ती किल्ली त्याला अनोळखी. मशीनसमोर बसलेल्या माणसाने स्वतः होकार द्यावा म्हणून तो निळा स्क्रीन येतो. फोनवर त्याने सांगितलेली कमांड टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दिली, नवा पासवर्ड ठरवला आणि रीस्टार्ट केलं. या वेळी लगेच एक बटण दाबलं. मग एनरोल एमओके (म्हणजे आपल्या मशीनची किल्ली नोंदवा), कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, थांबू नका, टाइप करत राहा. तो कागदावर लिहून ठेवा, किमान 8 अक्षरं लागतात.

वायफायची यादी दिसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी भाच्याला तेव्हाच फोन केला.

मराठी टाइप करायला वेगळं काही उतरवावं लागलं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठी निवडलं की भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट इनस्क्रिप्टही मिळतं आणि उच्चारावर चालणारं कागपाही.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: इन्स्टॉल करण्यापूर्वी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. तेव्हाच वायफाय दिसतंय का बघा. नसेल दिसत तर यूएसबीची वायर हाताशी ठेवूनच पुढे जा.