डायनोवर चढलेली लिनिया

भोसरीतल्या एका गॅरेजात डायनो डे होता. डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची ताकद मोजायचं यंत्र. २५०० रुपयांत तीन रन, म्हणजे तीनदा मोजणी. माझी फियाटची लिनिया टी-जेट, टर्बो पेट्रोल, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे घरचीच. कंपनीने सांगितलेल्या ११४ पीएसपैकी, म्हणजे अश्वशक्तीपैकी, आता किती उरलेत, ही खाज बरेच दिवस होती.

नंबर लागेपर्यंत दोन तास गेले. पुढची चाकं रोलरवर, चारी बाजूंनी पट्टे आवळलेले, समोर कूलरच्या दुप्पट पंखा. रन चौथ्या गिअरमध्ये घेतात, कारण तिथे प्रमाण साधारण एकास एक असतं. गॅरेजातल्या पोराने दोन हजार आरपीएमवरून जो पाय दाबला तो थेट लाल रेघेपर्यंत. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. गाडी जागच्या जागी उभी, आणि वेगाचा काटा दीडशेच्या पुढे!

स्क्रीनवर आलं ८१.

डायनोवर चाकांपर्यंत पोचलेली ताकद दिसते. गिअरबॉक्स आणि टायर मिळून बारा-पंधरा टक्के खातात, हे मला माहीत होतं. तरी ९७च्या आसपास यायला हवे होते. मागे एक ऑक्टाव्हियावाला उभा होता. म्हणाला, "काका, घोडे चरायला गेले वाटतं." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

पोराने मात्र आकड्याकडे बघितलंच नाही. त्याने आलेखावर बोट ठेवलं. टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची, रेघ तीन हजार आरपीएमपर्यंत ठीक चढत होती, आणि पुढे घाट उतरावा तशी खाली. "काका, बूस्ट गळतंय." म्हणजे टर्बो जी हवा दाबून इंजिनात भरतो, ती वाटेतच निसटत होती. बॉनेट उघडून इंटरकूलरच्या, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपाखाली हात घातला, तर बोटं काळी, तेलकट. पाइप आवळून धरणारा क्लॅम्प चक्क हाताने फिरत होता. दिवाळीत तो पाइप काढून मीच साफ केला होता, आणि क्लॅम्प आवळलाही मीच होता. हे तिथे कुणाला सांगितलं नाही.

स्क्रू ड्रायव्हरचे चार वेढे, आणि दुसरा रन ९५. तिसऱ्याला ९२च आले, कारण तोवर बॉनेटखाली भट्टी झाली होती आणि गरम हवेत टर्बोची गाडी मरगळतेच. पोरगा म्हणाला, थांबा थोडं, थंड झाली की चौथा घेऊ, फुकट. पण मागे रांग होती.

घरी ९५चाच कागद दाखवला. ८१चा गाडीच्या कप्प्यात आहे, नव्या स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळलेला.