बसने गेले, पळत आले

"बसने नेऊन सोडतात आणि परत पळत यायचं? मग मुळात गेलंच कशाला?"

अथेन्सची मॅरेथॉन शर्यत तशीच असते: बसने मॅरेथॉन गावी नेतात आणि तिथून ४२ किलोमीटर पळत अथेन्सला परत यायचं. निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा सगळे हसले होते. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी पहाटे साडेपाचला अथेन्समध्ये सिंटाग्मा चौकाजवळ बसच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा मात्र प्रश्न अगदी रास्त वाटायला लागला. हवेत गारवा होता. पुढेमागे हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात तीच पारदर्शक पिशवी. हॉटेलवर नवरा आणि दोन मुलं झोपलेली.

एक गोष्ट पथ्यावर पडली. अथेन्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पहाटे चारला जाग आली तेव्हा शरीराच्या हिशेबाने साडेसात वाजले होते, म्हणजे घरी मी तीन तासांपूर्वीच उठलेली असते. १६ आठवडे साडेचारला उठणाऱ्या बाईला त्या दिवशी चक्क उशिरापर्यंत लोळल्यासारखं वाटलं.

बस निघाली ती त्याच रस्त्याने, ज्यावरून परत यायचं होतं. सुरुवातीला लोक बोलत होते. शहर मागे पडलं आणि बस उतरायला लागली. उतरतच राहिली. ते ध्यानात येईल तशी बस गप्प होत गेली. जेवढं खाली जातोय तेवढं सगळं पायांनी वर चढायचं आहे, हे कोणाला सांगावं लागलं नाही. या मार्गाचा सर्वांत उंच बिंदू साधारण २४० मीटरवर, ३१व्या किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे चढ संपतो तोच मुळी इतर मॅरेथॉनमध्ये लोकांचे पाय संपतात तिथे.

हे नकाशात पाहिलं होतं. म्हणूनच तर मी जिने चढले होते.

तयारीबद्दल बोलायचं तर आधी वहीबद्दल बोलावं लागेल. मुलगी नऊ वर्षांची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी २० किलोमीटर करून घरी आले, तर ती जुन्या वहीचं मागचं पान उघडून बसली होती. वर ठळक अक्षरात 'आईची उधारी'. खाली तारीख, आणि समोर '१ तास ५० मि.'. मी म्हटलं, "अगं, मी तर साडेपाचलाच गेले होते. तीन तास तरी झाले असतील." तिने शांतपणे नियम समजावला. ती झोपलेली असताना मी पळाले तर ते धरायचं नाही. ती उठल्यापासून मी दारात येईपर्यंतचा वेळ धरायचा. मग मला सही करायला लावली.

त्या वहीने मला जितकी शिस्त लावली तितकी कुठल्याही तक्त्याने लावली नसेल. आठवड्यात चार दिवस पळायचं होतं. दोन छोटे दिवस पहाटेच, सगळे झोपेत असताना उरकायचे. तिसरा जिन्याचा: रात्री मुलं झोपली की आमच्या इमारतीचे ११ मजले पायी वर, लिफ्टने खाली, पुन्हा वर, असं ४० मिनिटं. घरापासून दूर नाही, मुलगा रडत उठला तर फोनवर दोन मिनिटांत हजर. लिफ्टने खाली यायचं म्हणजे गुडघेही वाचतात आणि वेळही, असा माझा हिशेब. या हिशेबावर मी फार खूश होते. त्याचं बिल पुढे आलं, ते सांगतेच.

राहिला रविवार. खरी भांडणं रविवारची.

सातव्या आठवड्यात नवऱ्याने एकदा भांडी विसळता विसळता म्हटलं, "तुझं पळणं तीन तासांचं नसतं." मी म्हटलं, "मग किती तासांचं असतं?" तो म्हणाला, "शनिवारी नऊला झोपतेस, म्हणजे संध्याकाळ गेली. रविवारी येतेस, आंघोळ, खाणं, मग दुपारभर आडवी. चारला उठतेस ती आपली झाडाला बांधल्यासारखी. हे सगळं धरून सांग."

मला राग आला. रागाचं कारण उघड होतं, तो बरोबर बोलत होता. पळणारी माणसं किलोमीटर मोजतात, पळण्याच्या आधीची आणि नंतरची बेजारी मोजत नाहीत. ती घरातलं दुसरं कोणीतरी मोजत असतं. मी बाहेर पडताना डबे, गृहपाठ, मुलाची आंघोळ, सासूबाईंची औषधं ही कामं काही थांबून राहत नव्हती. आमचं ठरलं ते असं: रविवारी दुपारी मी झोपायचं नाही, आणि एक शनिवार सोडून एक शनिवार सकाळ पूर्ण त्याची. पोहायला जा, नाहीतर नुसता छताकडे बघत पड, कोणी हाक मारायची नाही. पहिल्या शनिवारी तो खरोखरच छताकडे बघत पडला.

नवव्या आठवड्यात पाच वर्षांच्या मुलाला ताप आला आणि २६ किलोमीटरचा रविवार गेला. दोन रात्रींचं जागरण, कपाळावरच्या घड्या बदलणं. हुकलेलं अंतर पुढच्या आठवड्यात कोंबायचं नसतं हे मला वाचून पाठ होतं. तरी कोंबलंच. बुधवारी १४, शुक्रवारी १२, रविवारी २८. नडगी अशी धरली की नंतरचे आठ दिवस पायात बूट घातला नाही. त्या आठ दिवसांत वहीत एकही नोंद नाही, मुलगी खूश. पुढे एकदा पाहुण्यांमुळे रविवार अडला तेव्हा शहाणपण आलेलं होतं: शनिवारी संध्याकाळी १४ आणि रविवारी पहाटे १६ असे दोन तुकडे केले. एका दमातल्या ३० इतकं ते पक्कं नसतं, पण थकलेल्या पायांनी पळायची सवय होते आणि नऊच्या आत घरी येता येतं.

असो. बस मॅरेथॉनला पोचली.

गाव लहानसं. 'मॅरेथॉन' या नावामागे ग्रीक भाषेतला बडीशेपेचा शब्द आहे, बडीशेपेचं रान असा काहीसा अर्थ. ज्या नावाने जगभर लोकांचे घाम निघतात त्याचं मूळ मुखवासाच्या डबीत निघावं याचं मला फार बरं वाटलं. नऊला शर्यत सुटली. पाचव्या किलोमीटरच्या सुमारास रस्ता मुख्य वाटेवरून वळतो आणि एका गवताळ टेकाडाला वळसा घालतो. उंची जेमतेम नऊ मीटर. इसवी सनपूर्व ४९० मध्ये इराणी फौजेशी लढताना पडलेले अथेन्सचे १९२ सैनिक त्याखाली आहेत. विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेलेल्या आणि सांगता सांगता कोसळलेल्या जासुदाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे ती नाही. त्याच्याकडे आहे तो युद्धाआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, धावत गेलेला फिलिपिडीस. अथेन्सची धाव आणि तो मृत्यू प्लुटार्कसारख्या पाच-सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांकडून आलेला. मला स्पार्टावाला जास्त आवडतो, धावूनही तो मेला नाही.

टेकाडाच्या पुढे बायका, मुलं, म्हातारी माणसं हातात ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन उभी होती. एका आजींनी माझ्या मुठीत एक डहाळी कोंबली आणि "ब्राव्हो, ब्राव्हो" म्हणत पाठीवर थाप मारली. ती डहाळी मी शेवटपर्यंत टाकली नाही. पाण्याचा पेला घेताना ती दातांत धरायची, एवढीच अडचण.

निया माक्री गेलं. पुढे डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूला माटी. २०१८ च्या जुलैत इथे लागलेली आग हाच रस्ता ओलांडून किनाऱ्याकडे गेली आणि शंभरावर माणसं गेली. मी फक्त पाटी वाचली आणि पुढे गेले. पळताना एखाद्या ठिकाणी थांबून मान खाली घालता येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

राफिनापासून चढ. जिन्यांनी साथ दिली हे कबूल. आजूबाजूचे धडधाकट पुरुष चालायला लागले तरी मी लहान पावलं टाकत पळत होते. पिकेर्मी, पालिनी. अशा वेळी डोकं भलतीकडे जातं. माझं आदल्या रात्रीकडे गेलं.

रात्री मुलीला स्तामाता रेविथीची गोष्ट सांगितली होती. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं. मॅरेथॉन ते अथेन्स, साधारण ४० किलोमीटर, ग्रीसचाच स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटांत जिंकला. बायकांना भाग घ्यायची मुभा नव्हती. रेविथी गरीब होती, पदरात १७ महिन्यांचं मूल. तिला शर्यतीत घेतलं नाही, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी एकटी धावली. निघण्याआधी मॅरेथॉन गावच्या शिक्षकाकडून आणि नगराध्यक्षाकडून निघायच्या वेळेच्या दाखल्यावर सह्या घेतल्या. सकाळी आठला निघाली, दुपारी दीडला अथेन्सच्या वेशीशी पोचली, आणि तिथे भेटलेल्या अधिकाऱ्यांकडून पुन्हा सह्या. साडेपाच तास. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला त्यानंतर १९८४ उजाडावं लागलं.

सह्यांचा भाग मुलीला फारच आवडला, तिच्या वहीचाच प्रकार तो. मग तिने विचारलं, "आणि तेवढा वेळ बाळ कोणाकडे होतं?"

मला काही सांगता आलं नाही. "झोप आता," म्हटलं.

पालिनीच्या पुढच्या चढावर हाच प्रश्न माझ्याबरोबर वर येत होता. साडेपाच तास. कोणीतरी कडेवर घेतलं असणार, भरवलं असणार, रडल्यावर फिरवलं असणार. त्या माणसाच्या कागदावर कोणी सही केली नाही.

३१ला स्ताव्रोस आलं आणि चढ संपला. आता ११ किलोमीटर उताराचे. मी मनातल्या मनात जिंकले होते. पहिल्या दोनशे मीटरमध्येच मांड्यांनी असा झटका दिला की मी रस्त्याच्या कडेचा खांब धरला. चढताना स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि ही मारझोड त्याला सरावानेच सोसते. १६ आठवडे मी ११ मजले फक्त चढले होते. उतरलं होतं कोण? लिफ्ट!

तिथून पुढे पळणं असं नव्हतंच. शंभर पावलं पळायचं, पन्नास चालायचं, उतारावर कलत कलत. ज्यांना चढावर मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून पुढे गेले. काहींनी ओळखून हातही केला.

होलार्गोस मेट्रो स्टेशनपाशी तिघं उभे असणार होते. नवऱ्याने मेट्रोचा नकाशा आठवडाभर घोटला होता: इथे भेटायचं, मग पुन्हा मेट्रोने शहरात, मग चालत स्टेडियम. दोन मुलं, एक बॅग, एक झोपाळलेला पाच वर्षांचा, अनोळखी भाषा. मी लांबून पाहिलं तर मुलगा त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेला, दुसऱ्या हातात माझं जाकीट, आणि मुलगी घड्याळाकडे बघत उभी.

"आई, तू वीस मिनिटं लेट आहेस."

"पाय दुखतायत गं."

"ते धरत नाही मी," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "जा. बोलत बसलीस तर आमची मेट्रो जाईल." हाताने त्याने मला अक्षरशः ढकललं.

शेवटचा रस्ता झाडांच्या सावलीतून उतरत येतो आणि समोर एकदम पांढरंशुभ्र संगमरवरी स्टेडियम उघडतं, घोड्याच्या नालासारखं. १८९६ ला लुईस याच ठिकाणी आला होता. रेविथीला आत येऊ दिलं नव्हतं. माझी वेळ ५ तास २१ मिनिटं. तिच्यापेक्षा नऊ मिनिटं कमी आणि अंतर दोन किलोमीटर जास्त, पण तुलना करायला तोंड नाही. मला दर थोड्या अंतरावर पाणी देणारी माणसं होती. आणि बाळ कुणाकडे आहे ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वहीचा दिवस. चार महिन्यांत एकूण ३८ तासांची उधारी झाली होती. फेडीचा पहिला हप्ता म्हणून मुलीने ॲक्रोपोलिस निवडलं. वर गेले ठीकठाक. उतरताना पहिल्या पायरीवरच दोन्ही मांड्यांनी साफ नकार दिला. शेवटी पाठ फिरवली आणि उलटी उतरायला लागले, एकेक पायरी. मुलगी खाली तोंड करून माझा हात धरून पुढे, "आता मोठी आहे, आता घसरडी आहे" असं सांगत. येणारेजाणारे हसत होते. त्यातल्या दोघांच्या गळ्यात कालचं पदक होतं, ते हसले नाहीत, पाठ फिरवून आमच्या मागेच उतरायला लागले.

खाली आल्यावर तिने पिशवीतून वही काढली. "तीन तास वजा," तिने लिहिलं. मग जरा विचार करून पेन बाबाकडे दिलं.

"काल बाळ तुझ्याकडे होतं ना? मग तू पण सही कर."