एका कोलनने गिळलेली चौकट

बॅकअप घेणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनचा मराठी अनुवाद चालू होता. डॉक्युमेंटेशनची पानं बनवणाऱ्या स्फिंक्सने इंग्रजी फायलींतून उपसून काढलेली वाक्यं अनुवादाच्या पो फाइलमध्ये येतात, त्या प्रत्येकाखाली मराठी लिहायचं. संदर्भ लागतो म्हणून मूळ आरएसटी फाइल (साध्या टेक्स्टमध्ये खुणा करून लिहिलेली) शेजारी उघडी होती. तिच्यात ‘डिलीट’ पर्यायाखाली इशारा होता: मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते बॅकअपमधूनही पुसलं जाईल. पो फाइलमध्ये हे वाक्य नव्हतंच. वरचा परिच्छेद होता, खालचा होता, मधलंच गायब.

पहिला संशय जुन्या पो फाइलवर. वाक्यं उपसणारं ‘मेक गेटटेक्स्ट’ नव्याने चालवलं, तरी वाक्य आलं नाही. वेबपान उघडलं, तर तिथेही इशाऱ्याची चौकट नाही. म्हणजे प्रश्न अनुवादाचा नव्हता. इंग्रजी वाचकालाही हा इशारा कधी दिसलेला नव्हता. आणि बिल्डच्या, म्हणजे पानं तयार होतानाच्या, लॉगमध्ये अवाक्षर नाही. प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा ‘-डब्ल्यू’ लावूनही बिल्ड हिरवंच.

मग ती ओळ अक्षर-अक्षर वाचली. फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, पण घाट असा:

.. वॉर्निंग:

दोन टिंबं, एक स्पेस, शब्द, एक कोलन. हवे होते दोन.

आरएसटीत ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि स्पेस आली, की पुढे काय आहे ते आरएसटी वाचणारं डॉकयुटिल्स ओळीने ताडून बघतं: तळटीप आहे का, लिंकचं लेबल आहे का, डायरेक्टिव्ह (चौकटीसारखी खास रचना मागणारी आज्ञा) आहे का. कशातच बसलं नाही, तर ती कॉमेंट, म्हणजे पानावर न छापली जाणारी टीप. कॉमेंट लिहिणं हा गुन्हा नाही, म्हणून तक्रारही नाही. शिवाय खालचा इंडेंट केलेला सगळा मजकूर त्याच कॉमेंटच्या पोटात जातो. एक कोलन विसरला, तर अख्खी चौकट जाते ती अशी. ही चूक हाताला लागते, त्यालाही कारण आहे. लेबल लिहिताना शेवटी एकच कोलन असतो, ‘रेफ’सारख्या रोलच्या (वाक्यातल्या लिंक वगैरेंच्या खुणेच्या) दोन्ही बाजूंना एकेकच असतो, दोन सलग कोलनांची सवय बोटांना होत नाही.

एक सापडली म्हणजे आणखी असणारच. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला सांगितलं: ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसनंतर दोन टिंबं, स्पेस, फक्त छोटी अक्षरं, एक कोलन आणि तिथेच ओळ संपते. लेबलं अंडरस्कोअरने सुरू होतात, त्यामुळे ती आपोआप वगळली गेली. सात ओळी हाती लागल्या. सातही जागी शोधून-बदलणारं सेड फिरवून दुसरा कोलन घालायचा मोह होतो, तो आवरावा. दोन ठिकाणी लेखकाने ‘टूडू’ (करायचं बाकी) म्हणून खरोखरच स्वतःपुरती कॉमेंट लिहिली होती. ती उघडी पडली असती, तर अर्धवट टिपणं थेट वाचकासमोर जाऊ शकली असती.

दुसरा प्रकार या ग्रेपमधून निसटला: दोन्ही कोलन आहेत, पण मजकूर त्यांना चिकटलेला. दोन कोलनांनंतर स्पेस किंवा ओळीचा शेवट नसेल, तर तीही कॉमेंटच. त्यासाठी वेगळा ग्रेप लावावा लागला. तीन टिंबं पडलेली ओळ त्या मानाने निरुपद्रवी, कारण ती पानावर उघडी दिसते आणि कुणीतरी ओरडतं.

झाकलेला मजकूर कधी पार्सच झालेला नसतो, त्यामुळे चौकट उघडल्यावर आतली घाण बाहेर आली. आतल्या लिंकचं एक लेबल केव्हाच बदललेलं होतं. बिल्ड तिथे पहिल्यांदा बोललं. वाईट चूक न बोलणारी होती: पर्यायाचं नाव दुहेरी बॅकटिकऐवजी (``) एकेरीत (`) होतं. एकेरीत ते कोड ठरत नाही, नुसतं तिरकं छापलं जातं. वर साधी चिन्हं छपाईची करणारं स्फिंक्सचं स्मार्टकोट्स दोन हायफनांचा एक लांब डॅश करून टाकतं. वाचक तो कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि कमांड पर्याय ओळखत नाही. टर्मिनलमध्ये वाचायच्या मॅन पेजच्या बिल्डमध्ये स्मार्टकोट्स मुळातच बंद असतं, त्यामुळे फक्त मॅन पेज वाचणाऱ्याला यातलं काही कळणार नाही.

मराठी लिहायला घेतल्यावर आपल्या भाषेची खोड आडवी आली. बंद करणाऱ्या बॅकटिकनंतर स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं, आणि आपण तर प्रत्यय चिकटवतो. ``--डिलीट``ने असं लिहिलं, की तो बॅकटिक बंद मानलाच जात नाही. पार्सर पुढचा योग्य शेवट शोधत जातो. त्याच परिच्छेदात दुसरा कोड असेल, तर तिथपर्यंतचं सगळं वाक्य कोडच्या टाइपात छापतो. उपाय म्हणजे मध्ये बॅकस्लॅश आणि स्पेस: ``--डिलीट``\ ने. पानावर ती स्पेस उमटत नाही. पो फाइलमध्ये मात्र बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, ``--डिलीट``\\ ने, कारण तिथे एकेरी बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ आहे. दुसरी खोड विसर्गाची. रोलमधल्या कोलनच्या जागी ‘ः’ टाइप झाला, तर डोळ्याला फरक दिसत नाही, रोल काम करत नाही आणि त्याचं नाव पानावर छापलं जातं. फाइलमध्ये रोमन अक्षराला किंवा बॅकटिकला लागून ‘ः’ शोधला, की हे भामटे सापडतात.

मूळ प्रकल्पाला दोन कमिट, म्हणजे बदलांचे दोन गठ्ठे, पाठवले. पहिल्यात फक्त कोलन, बॅकटिक आणि लेबल, दुसऱ्यात वाटेत सापडलेली इंग्रजीतली चुकीची स्पेलिंगं. परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या नाहीत, नाहीतर दोन अक्षरांच्या बदलासाठी प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला वीस ओळींचा डिफ (बदलांची यादी) वाचावा लागतो. स्पेलिंगांचा कमिट वेगळा ठेवण्याचं कारणही व्यवहाराचं. इंग्रजी वाक्यातलं एक अक्षर बदललं, तरी पुढच्या अपडेटला सगळ्या भाषांतला त्या वाक्याचा अनुवाद ‘फझी’ (पुन्हा तपासायचा) होतो, आणि फझी अनुवाद सहसा छापला जात नाही. वाचकाला पुन्हा इंग्रजीच दिसतं. अर्थ बदललेला नसेल, तर आपल्या भाषेतली फझीची खूण वाक्य वाचून हाताने काढायची. आणि प्रत्येक चुकीचं स्पेलिंग चूक नसतं. एचटीटीपीच्या ‘रेफरर’ हेडरमध्ये एक ‘आर’ कमी आहे, तो तसाच प्रमाण झाला. युनिक्सच्या ‘क्रिएट’ कॉलला शेवटचा ‘ई’ नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये ती सुधारली, की वाचकाचा प्रोग्राम मोडतो.

पाठवण्याआधीची तपासणी: बदलापूर्वी आणि बदलानंतर ‘मेक टेक्स्ट’ करून दोन्ही फोल्डरांचा डिफ. एचटीएमएलच्या डिफमध्ये टॅगांचा गोंगाट फार. टेक्स्टमध्ये पाच चौकटी नव्याने उगवलेल्या स्वच्छ दिसल्या, आणि दोन टूडू होते तिथेच झाकलेले राहिले. कोणती ओळ कधी आली ते दाखवणारं गिट ब्लेम बघितलं, तर कोलनची ओळ फाइलच्या पहिल्याच कमिटपासून तशीच होती.