लाल चादर फोटोत केशरी का होते? कापडाचे फोटो काढणाऱ्या सोलापूरकरांसाठी

नवी पेठेतलं दुकान असो की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखाना, हल्ली मालाचा नमुना म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो. गिऱ्हाईक फोटोत मरून रंग बघून चादर मागवतं, हातात पडते ती वेगळ्याच लालाची. माल परत येतो, भाडं अंगावर पडतं आणि दोष मोबाइलला दिला जातो. मग महागडा फोन घेतला जातो. त्यातही तोच लाल तसाच बिघडतो, कारण बिघाड फोनच्या किमतीत नसून उजेडात आणि एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो त्यात, असतो. या दोन्ही गोष्टी नवा फोन न घेताही सुधारता येतात.

आधी लाल रंगाचंच बघू, कारण सोलापुरी चादरीत तो हमखास असतो आणि कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त छळणाराही तोच. डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. गडद लाल कापडावर लालचा आकडा खूप वर आणि बाकीचे दोन तळाला असतात. फोन मात्र एकूण उजळपणा मोजतो. त्याला फ्रेम काळपट वाटते, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो. लालचा आकडा २५५ ला जाऊन अडतो, हिरव्याचा मात्र वाढत राहतो. लालमध्ये हिरवा मिसळला की केशरी. शिवाय लाल सगळीकडे २५५ ला टेकल्यामुळे विणीतला चढउतार पुसला जातो आणि चादर रंगाने सारवल्यासारखी सपाट दिसते. ही माहिती फाइलमधूनच गेलेली असते, मागाहून कोणतंही ॲप ती परत आणू शकत नाही.

उपाय सोपा आहे. चादरीवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढून एक्स्पोजर कमी करा. प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने बदलायची सोय) एक्स्पोजरचा आकडा दिसत असेल तर लाल, राणी आणि केशरी कापडाला उणे ०.७ ते उणे १. काळ्या किंवा गडद निळ्या टॉवेलला उणे १ ते उणे १.५, नाहीतर काळा राखाडी होतो आणि नेव्ही ब्लू रॉयल ब्लू. पांढऱ्याला उलट, अधिक ०.७ ते १, कारण पांढरी फ्रेम दिसली की फोन ती मुद्दाम काळवंडवतो. लालचा फोटो स्क्रीनवर जरा अंधारा वाटेल. वाटू द्या. अंधारलेला फोटो उजळता येतो.

आता उजेड. कारखान्यातली नेहमीची पद्धत म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये चादर टांगायची, वर ट्यूब, बाजूला उघडा दरवाजा. अशा फोटोत अर्धी चादर निळसर आणि अर्धी पिवळट येते, कारण दोन वेगळे उजेड एकत्र आलेले असतात आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच दाखवण्याची कॅमेऱ्याची सोय, एका वेळी एकालाच सांभाळू शकतो. दिवसाच्या उजेडात फोटो काढायचा असेल तर खोलीतला प्रत्येक दिवा बंद करा. दिव्यावर काढायचा असेल तर दारं-खिडक्या झाका.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे आजूबाजूच्या वस्तूंवरून किंवा त्यांतून येणारा रंग. हिरव्या शेडनेटखाली काढलेला फोटो हिरवट येतो, निळ्या ताडपत्रीखाली निळा, आणि गुलाबी रंगवलेल्या भिंतीशेजारी पांढरा टॉवेलसुद्धा गुलाबी होतो. डोळा सरावतो, म्हणून जागेवर ते कळत नाही. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे चुन्याने पांढरी केलेली पडवी किंवा जिन्याचा सज्जा, जिथे थेट ऊन येत नाही पण मोकळं आकाश दिसतं.

‘उत्तरेच्या खिडकीतला उजेड वापरा’ हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला आहे, आपल्याकडे तो वर्षभर लागू पडत नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. त्या दिवसांत खिडकीला पांढऱ्या मलमलीचा किंवा धुतलेल्या मांजरपाटाचा एक पदर लावा. कोरा मांजरपाट नको, तो पिवळट असतो. उन्हाळ्यात फोन सावलीतच ठेवा. तापला की तो स्क्रीन मंद करतो, आणि मंद स्क्रीनवर एक्स्पोजरचा अंदाज हमखास चुकतो.

रात्री किंवा आतल्या खोलीत काम करायचं असेल तर दिवे घेताना वॅट बघू नका, सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा. साध्या एलईडीवर ‘सीआरआय ८०’ लिहिलेलं असतं. हा आकडा फिकट रंगांच्या आठ नमुन्यांची सरासरी आहे, गडद लाल त्यात धरलेलाच नाही. गडद लालासाठी आर-नाइन नावाचा वेगळा आकडा असतो आणि स्वस्त दिव्यात तो शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणजे ज्या रंगावर आपला धंदा उभा आहे, नेमका तोच त्या उजेडात नीट दिसत नाही. सीआरआय ९५ च्या पुढचे, ५००० ते ५६०० केल्विनचे (उजेड पिवळट की निळसर ते सांगणारं माप), एकाच कंपनीचे आणि एकाच बॅचचे दोन दिवे घ्या. आर-नाइन छापलेला असेल तर तो ९० च्या वर असलेला बरा. फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर तो दिव्याचा लुकलुकाट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन ट्रायपॉडवर लावून शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

मग येतो व्हाइट बॅलन्स. फ्रेमभर लाल चादर असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की उजेडच लाल आहे, आणि तो निळा-हिरवा रंग ओतून लाल मारतो. पुढच्या फोटोत निळी चादर आली की उलटं करतो. एकाच गठ्ठ्यातल्या सहा चादरींचे फोटो सहा वेगळ्या उजेडांत काढल्यासारखे दिसतात ते यामुळे. म्हणून ग्रे कार्ड घ्या, म्हणजे ज्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवता येतो असं राखाडी कार्ड, काही शे रुपयांत मिळतं. उजेड बदलला की दरवेळी पहिल्या फोटोत ते कापडाला टेकवून, कापडाच्याच कोनात ठेवा.

पांढरा टॉवेल किंवा झेरॉक्सचा कागद ग्रे कार्डाच्या जागी चालत नाही, आणि हे अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण बहुतेक जण तेच करतात. पांढऱ्या कापडात आणि कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं घातलेली असतात. ती उन्हातले अतिनील किरण घेऊन निळा उजेड बाहेर टाकतात. त्यामुळे तोच टॉवेल दिवसा निळसर शुभ्र आणि साध्या एलईडीखाली मळकट पिवळा दिसतो. दिवसाच्या उजेडात अशा वस्तूवर व्हाइट बॅलन्स ठरवला की बाकी सगळे रंग पिवळ्याकडे झुकतात.

अँड्रॉइडवर फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप टाका. सेटिंग्जमध्ये कॅमेरा एपीआय बदलून ‘कॅमेरा२’ केलं की, फोनने साथ दिली तर, केल्विनचा आकडा हाताने ठरवता येतो आणि रॉ फाइलही (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल) मिळते. सकाळच्या सावलीत ६५०० च्या आसपास सुरुवात करा. फोनमधलं सीन ऑप्टिमायझर, एआय एन्हान्स, फिल्टर हे सगळं बंद. ती सोय माणसांचे आणि जेवणाचे फोटो खुलवण्यासाठी आहे, आपल्याला रंग खुलवायचा नाही, जुळवायचा आहे.

चादर किती अंतरावरून टिपायची? साठ बाय नव्वद इंचाची चादर म्हणजे जवळपास २.३ मीटर लांब. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, तिने पूर्ण चादर पावणेदोन-दोन मीटरवरून मावते, पण थोडा जरी कोन चुकला की काठ एकीकडे निमुळता होतो आणि किनारीची नक्षी वाकते. २एक्स लेन्स लावून साडेतीन ते चार मीटर मागे जा. फोन चादरीच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवा. कॅमेऱ्यातली ग्रिड चालू करून चादरीचे काठ तिच्या रेषांना समांतर आणा. जुना डीएसएलआर असेल तर एपीएस-सी (बहुतेक स्वस्त डीएसएलआरमध्ये असतो तो लहान) सेन्सरवर ३५ मिमी लेन्स साडेतीन-चार मीटरवरून चालते, ५० मिमीला पाच मीटरच्या वर जागा लागते. लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, रॉ, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढं पुरे. नवी बॉडी घेण्यापेक्षा तेच पैसे दिव्यांना घाला.

चादर टांगताना वरच्या काठाला पाइप आणि दर फुटावर चिमटा. घडीच्या रेषा इस्त्रीशिवाय जात नाहीत, म्हणून फोटोचा नग आधीच गुंडाळून ठेवायला सांगा. कारखान्यात तूस उडत असतं, ते काळ्या टॉवेलवर पांढरं चमकतं आणि लेन्सवर बसलं की सगळा फोटो धुरकट करतं. टॉवेलवर चिकट रोलर फिरवा. लेन्स मऊ मायक्रोफायबरने पुसा, शर्टाच्या टोकाने नव्हे.

टेरी टॉवेल (ज्यावर धाग्याचे उभे फास असतात) आणि जकार्ड चादर (जिची नक्षी विणीतच असते) यांचा उजेड एक नसतो. टॉवेलचा जाडपणा आणि मऊपणा फासांच्या सावलीतून कळतो. उजेड समोरून आला तर उंची टॉवेलही पुसणं वाटतो. म्हणून टॉवेलला एका बाजूने, कापडापासून २० ते ३० अंशांचा तिरका उजेड द्या आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा, म्हणजे सावल्या अगदी काळ्या पडणार नाहीत. आधी टॉवेल झटकून फास हाताने एका दिशेला फिरवून घ्या. चादरीत नक्षी आणि रंग दाखवायचे असतात, तिला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून सारखा उजेड. शंका असेल तर नक्षीचा एक फोटो आणि विणीचा जवळचा एक, असे दोन काढा. जवळच्या फोटोसाठी स्वस्त फोनमधली २ मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स वापरू नका. मुख्य लेन्सनेच हातभर अंतरावरून काढून कडा कापलेला फोटो कितीतरी स्पष्ट येतो.

बारीक चौकडीवर किंवा रेघांवर इंद्रधनुषी लाटा दिसल्या तर त्याला मॉरे म्हणतात. धाग्यांची वीण आणि सेन्सरवरच्या ठिपक्यांची रांग जवळपास सारख्या अंतराची झाली की दोन्हींच्या मेळातून तिसरीच, कापडात नसलेली नक्षी तयार होते. आधी फोटो पूर्ण मोठा करून बघा. छोट्या चित्रात दिसून मोठ्यात नाहीशी झाली तर ती फक्त स्क्रीनची करामत, फाइल चांगली आहे. मोठ्यातही राहिली तर अर्धा फूट पुढे-मागे व्हा किंवा फोन थोडा तिरका फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने जाते. डीएसएलआरवर एफ/१६ ला गेलात तर चित्र किंचित मऊ होतं आणि मॉरे दबतो. फोटो काढून झाल्यावर ती काढणं फार कष्टाचं, म्हणून टांगलेली चादर उतरवण्याआधीच तपासा. एकच सावधगिरी: वेबसाइटसाठी फोटो लहान करतानाही मॉरे नव्याने येऊ शकतो, तेव्हा शेवटच्या आकारात एकदा नजर टाका.

संपादनाला स्नॅपसीड पुरतं. टूल्समध्ये व्हाइट बॅलन्स, त्यातला ड्रॉपर ग्रे कार्डावर, मग ट्यून इमेजमध्ये थोडी ब्राइटनेस. सॅच्युरेशनला हात लावू नका. संगणकावर पन्नास-शंभर फोटो असतील तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल, दोन्ही मोफत. ग्रे कार्डाच्या एका फोटोवर व्हाइट बॅलन्स ठरवा, ती सेटिंग कॉपी करा आणि त्याच उजेडातल्या बाकीच्या सगळ्या फोटोंवर पेस्ट करा. मूळ चादर शेजारी, त्याच दिव्याखाली ठेवून रंग ताडा. स्क्रीनवरचं नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट बंद हवं, आणि ॲमोलेड स्क्रीन ‘व्हिव्हिड’वर नको, ‘नॅचरल’वर हवी.

फोटो ॲपमधून बाहेर काढताना रंगाची प्रोफाइल (फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग आहेत ते सांगणारी नोंद) एसआरजीबी ठेवा. आयफोन ७ पासूनचे आयफोन डिस्प्ले पी३ या दुसऱ्या प्रोफाइलमध्ये फोटो साठवतात. एखाद्या वेबसाइटने ती प्रोफाइल काढून टाकली की तोच लाल फिका दिसतो. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूने ८५ टक्के चौकट भरलेली हवी. झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल. १६०० ते २००० ठेवली तर वीण नीट दिसते. पांढरी पार्श्वभूमी ॲपने कापताना टॉवेलच्या फासांची कडा करवतीने कापल्यासारखी होते. त्यापेक्षा मागे पांढरा पडदा टांगून त्यावर वेगळा उजेड टाका.

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून पाठवलेला फोटो पुन्हा दाबला जातो. त्यात रंगाची माहिती उजळपणाच्या मानाने चौथाई तपशिलात राहते, म्हणून काळ्यावरची बारीक लाल नक्षी सगळ्यात आधी फिसकटते. ‘एचडी’ निवडलं तरी थोडं दाबलं जातंच. रंग ठरवण्याचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते. मोठ्या ऑर्डरला मात्र फोटोसोबत शेड नंबर लिहा आणि हातभर कापडाचा तुकडा कुरिअरने पाठवा. गिऱ्हाइकाच्या खोलीतला दिवा कोणता आहे ते आपल्या हातात नाही, आणि उन्हात जुळणारे दोन रंग काही दिव्यांखाली खरोखरच वेगळे दिसतात.